सुईची भीती वाटणाऱ्या प्रौढांसाठी: इंजेक्शनच्या आधी, त्या क्षणी आणि नंतर काय करावे

केसपेपर काढून झालेला असतो, रांगेत पुढे तीनच माणसे उरलेली असतात, आणि चाळिशीतला एखादा धडधाकट गृहस्थ ‘जरा पाणी पिऊन येतो’ असे शेजारच्याला सांगून जो जातो, तो परत येतच नाही. लहान मूल सुईला घाबरले तर त्याला कडेवर घेतात, खिडकीतला कावळा दाखवतात. मोठ्या माणसाला मात्र ‘एवढा घोडा झालास आणि सुईला घाबरतोस?’ एवढेच ऐकायला मिळते. म्हणून तो भीतीचे नावच काढत नाही, ऑफिसच्या कामाचे निमित्त पुढे करतो, आणि रक्तातल्या साखरेची तपासणी, धनुर्वाताचे इंजेक्शन, किडलेला दात अशा गोष्टी वर्षानुवर्षे लांबणीवर टाकतो. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तरुण प्रौढांपैकी सुमारे 20 ते 30 टक्के लोकांना सुईची भीती वाटत असल्याचे आढळले होते, आणि 16 टक्के प्रौढ रुग्णांनी केवळ त्या भीतीपायी फ्लूची लस टाळली होती. हे आकडे खास मुंबईचे नव्हेत. तरीही लोकलमधल्या तीन जणांच्या बाकावर नेहमीप्रमाणे चार जण बसले असतील, तर त्यांतल्या एकाला ही भीती असावी, असे मानायला हरकत नाही.

प्रस्तुत लेखक त्या चौथ्यांपैकीच आहे. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका प्रयोगशाळेत रक्त देताना मला घाम फुटला, तेव्हा तिथल्या टेक्निशियनने ‘डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, अंग एकदम सैल सोडा’ असे प्रेमाने सांगितले. मी ते मन लावून केले आणि दोन मिनिटांनी उठताना काउंटरवर हनुवटी आपटून खाली पडलो. सल्ला चुकीचा नव्हता, तो चुकीच्या माणसाला दिला गेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. सुईची भीती दोन तऱ्हेची असते आणि एकीवरचा उतारा दुसरीला अपायकारक ठरू शकतो, ही गोष्ट आधी समजून घेतली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

पहिली पायरी: आपली भीती कोणत्या जातीची, ते ठरवा

पहिल्या जातीच्या भीतीत छाती धडधडते, तळहात ओले होतात, तोंडाला कोरड पडते आणि तिथून पळून जावेसे वाटते, परंतु माणूस शुद्धीवर राहतो. उंचीची किंवा बंद लिफ्टची भीती जशी असते तशीच ही असते. नाडी वेगाने चालते, रक्तदाब वाढतो आणि सुई निघाल्यावर थोड्या वेळाने सारे पूर्वपदाला येते.

दुसऱ्या जातीची भीती सुरुवातीला अगदी अशीच भासते, पण तिला दुसरा अंक असतो. आधी चढलेला रक्तदाब काही क्षणांत किंवा मिनिटांत एकाएकी कोसळतो, नाडी मंदावते, मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडते आणि माणसाला भोवळ येते. हा खेळ व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत होतो आणि तो इच्छाशक्तीच्या ताब्यात नसतो. म्हणूनच वीस किलोमीटर धावणाऱ्या माणसालाही सुई पाहून चक्कर येऊ शकते आणि त्यात भित्रेपणाचा काहीही संबंध नसतो. ही प्रवृत्ती बऱ्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दिसते. तुमच्या मामाला किंवा आत्याला रक्त पाहून घेरी येत असेल, तर तुम्हालाही येण्याची शक्यता अधिक असते.

ओळखायचे कसे? यापूर्वी सुई घेताना, रक्त देताना किंवा कोणाची जखम पाहताना तुम्हाला कधी चक्कर आली होती का, कानांत गुंजन झाले होते का, जांभया येऊन थंड घाम सुटला होता का, नजरेच्या कडा काळोख्या होत मधोमध फक्त एक उजेडाचा ठिपका उरला होता का, हे आठवून पाहा. यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर स्वतःला दुसऱ्या गटात धरा, कारण तसे धरून चालण्यात तोटा नाही. काही जणांना सुईपेक्षा वेदनेचे भय असते, तर काहींना लहानपणी चार जणांनी हातपाय धरून टोचल्याची आठवण छळते. हे लोक बहुधा पहिल्या गटात मोडतात आणि त्यांच्यासाठी पुढे जो बोलण्याचा भाग येईल तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

दुसरी पायरी: आपल्या जातीचा सराव करा

पहिल्या गटासाठी श्वासाचा सराव पुरतो. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत सावकाश सोडावा. सोडणे घेण्यापेक्षा लांब असावे, एवढेच पथ्य. घाईघाईने मोठमोठे श्वास घेतल्यास उलट हातापायांना मुंग्या येतात आणि डोके हलके होते, तेव्हा ‘दीर्घ’ या शब्दापेक्षा ‘सावकाश’ हा शब्द ध्यानात ठेवावा. रोज रात्री पाच मिनिटे असा सराव आठवडाभर केला, तर दवाखान्याच्या बाकावर तो आपोआप जमतो. भीती शिगेला पोहोचल्यावर प्रथमच करून पाहिलेला श्वासाचा व्यायाम सहसा उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या गटाने याच्या उलट करायचे असते. त्यांचा रक्तदाब घसरणार असतो, आणि अंग सैल सोडणे म्हणजे त्या घसरणीला मदतच करणे होय. त्यांच्यासाठी स्नायू ताणण्याची पद्धत आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने ती 1987 मध्ये मांडली आणि आजही या प्रकारच्या भीतीवर तीच प्रामुख्याने शिकवली जाते. खुर्चीत ताठ बसावे, मुठी आवळाव्यात, आणि दंड, पोट, मांड्या व पोटऱ्या एकाच वेळी घट्ट कराव्यात. श्वास रोखू नये. दहा ते पंधरा सेकंदांनी चेहऱ्यावर ऊब आल्यासारखे वाटू लागते. रक्तदाब वर आल्याची ती खूण समजावी. मग ताण सोडून वीस ते तीस सेकंद नेहमीसारखे बसावे, पण गळून गेल्यासारखे सैल पडू नये. असे पाच वेळा केले की एक फेरी पूर्ण होते, आणि दिवसातून पाच फेऱ्या असा आठवडाभर सराव केला की शरीराला ती सवय लागते. ऐकताना हे फार वाटते, परंतु एक फेरी चार मिनिटांपेक्षा कमी वेळात आटोपते. अंधेरी ते दादर प्रवासात, बसायला जागा मिळाली तर, दोन-तीन फेऱ्या सहज होतात आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही. उभे असाल तर पाय एकमेकांवर तिढा घालून मांड्या आवळल्या तरी परिणाम साधतो.

यात एक बारकावा आहे आणि तो गाळला तर सगळी मेहनत वाया जाते: ज्या हाताला सुई घ्यायची तो हात सैलच राहिला पाहिजे, कारण ताठरलेल्या स्नायूत इंजेक्शन अधिक दुखते. म्हणून शेवटचे दोन दिवस एक हात मांडीवर निवांत ठेवून बाकीचे अंग ताणण्याचा सराव करावा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरी पायरी: सुईशी हळूहळू ओळख करून घ्या

रांगेतून निघून जाणाऱ्या त्या गृहस्थाला दवाखान्याचे फाटक ओलांडताच जो मोकळेपणा वाटतो, तोच खरा घोटाळा असतो. पळालो म्हणून वाचलो, असा धडा त्याचा मेंदू घेतो आणि पुढच्या वेळची भीती आणखी मोठी होते. यावर उपाय म्हणजे भीतीजवळ थोडे थोडे जाणे आणि ती ओसरेपर्यंत तिथे थांबणे. इंजेक्शनला दोन-तीन आठवडे अवकाश असेल तर हा क्रम अवश्य करावा.

भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. सुरुवात सुईच्या छायाचित्रापासून करता येईल. ते पाहून भीती सहा-सातवर गेली, तर ती तीनवर येईपर्यंत पाहत राहावे, मग दुसऱ्या दिवशी इंजेक्शन देतानाची चित्रफीत पाहावी. पुढे औषधाच्या दुकानातून आणलेली 2 मिलीची सिरिंज, सुई न लावता, हातात धरून बसावे. स्पिरिटचा बोळा दंडाला लावून पाहणे ही पायरी क्षुल्लक वाटेल, पण पुष्कळांच्या बाबतीत नुसता तो वास आणि तो गारवा एवढ्यानेच छाती धडधडू लागते, तेव्हा ती वगळू नये. दुसऱ्या गटातल्यांनी प्रत्येक पायरीवर स्नायू ताणण्याची जोड द्यावी आणि पहिल्या काही वेळा हे सारे पलंगावर बसून करावे.

यानंतरची पायरी म्हणजे दुसऱ्या कोणाला शांतपणे सुई घेताना प्रत्यक्ष पाहणे. वडिलांचे, वहिनीचे किंवा मित्राचे इंजेक्शन असेल त्या दिवशी सोबत जावे. मुंबईला हा मार्ग नवा नाही: प्लेगच्या साथीत, जानेवारी 1897 मध्ये, वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केलेली लस सर्वांत आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती, आणि परळच्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. दुसऱ्याच्या हातात सुई जाते आणि तो पुढच्या मिनिटाला चहाबद्दल बोलतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर जे पटते ते दहा जणांनी समजावूनही पटत नाही.

एखाद्या पायरीवर भीती उतरेना, तर तिच्या आधी आणखी एक बारीक पायरी घालावी. शरमेपोटी पायऱ्या गाळून वर उडी मारू नये.

ऐकीव भीती आणि आजची सुई

कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही समजूत चाळींत आणि सोसायट्यांत अजून टिकून आहे, आणि तिच्यामुळे माणसे उपचारच टाळतात. म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पोटात दिली जाणारी ती जुनी लस प्राण्यांच्या मेंदूपासून तयार केलेली असे आणि भारतात तिचा वापर 2004 साली बंद झाला. आता रेबीजची लस दंडात देतात. स्नायूत द्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 या दिवशी मिळून पाच इंजेक्शने होतात. त्वचेत द्यायची असेल तर 0, 3, 7 आणि 28 या दिवशी दर वेळी दोन ठिकाणी केवळ 0.1 मिलीचे थेंब टोचले जातात. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे, भरावे लागते, आणि ते मात्र दुखते. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे या एका बाबतीत पायऱ्या-पायऱ्यांचा सराव करत बसू नये. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, सोबत कोणाला तरी घ्यावे, आणि भीतीसकट त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला जावे.

इन्सुलिनची गोष्ट याहून वेगळी आहे. डॉक्टरांनी ‘आता इन्सुलिन सुरू करू’ असे म्हणताच अनेकांच्या डोळ्यांपुढे लहानपणी पाहिलेली उकळत्या पाण्यातली काचेची सिरिंज उभी राहते. आजच्या इन्सुलिन पेनची सुई 4 मिलिमीटर लांब असते, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही आखूड, आणि 32 गेजची असते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे येथे लक्षात ठेवावे. दंडातल्या स्नायूत द्यायच्या इंजेक्शनसाठी साधारण 23 किंवा 25 गेजची सुई वापरतात. वापरात असलेले पेन फ्रिजमधून काढून लगेच टोचू नये, गार इन्सुलिन अधिक झोंबते. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे, दर वेळी जागा थोडी बदलावी आणि नवी सुई लावावी, कारण पुन्हा पुन्हा वापरलेली सुई बोथट होते. सुरुवातीला पहिले दोन-तीन डोस डॉक्टरांच्या किंवा सिस्टरच्या समोर घ्यावेत. बऱ्याच लोकांना असे आढळते की, दुसऱ्याने टोचण्यापेक्षा स्वतः टोचण्यात भीती कमी वाटते, कारण क्षण आपण निवडतो.

आदला दिवस आणि ती सकाळ

वेळ शक्यतो गर्दी नसलेली निवडावी. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत सकाळी नऊ ते अकरा या वेळात ओपीडीला जी रीघ लागते, ती घाबरलेल्या माणसासाठी नाही. साधी लस किंवा इंजेक्शन घराजवळच्या पालिका दवाखान्यात, ‘आपला दवाखाना’त किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे मिळत असेल तर तिकडेच जावे. रक्ततपासणीसाठी घरी येणारा टेक्निशियन बोलावला तर आपल्याच पलंगावर आडवे पडता येते, आणि दुसऱ्या गटातल्या माणसासाठी ही सोय थोड्या जास्तीच्या पैशांच्या मोलाची आहे.

रात्री झोप व्हावी. उपाशीपोटीची तपासणी नसेल तर सकाळी नेहमीसारखी पोळी-भाजी, पोहे किंवा उपमा खाऊन निघावे. रिकाम्या पोटी चक्कर लवकर येते. अर्ध्या तासापूर्वी सुमारे अर्धा लिटर पाणी प्यायल्याने रक्तदात्यांमध्ये भोवळीचे प्रमाण कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. उपाशीपोटीच्या बहुतेक तपासण्यांना साधे पाणी चालते, तरी एकदा प्रयोगशाळेला विचारून घ्यावे आणि अशी तपासणी पहिल्या वेळेला ठेवावी. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती पाळावी. कपडे असे घालावेत की बाही खांद्यापर्यंत सहज वर जाईल. घट्ट बाहीशी झटापट करण्यात जी दोन मिनिटे जातात ती भीतीला फार मानवतात.

वेदनेचीच भीती असेल तर त्वचा बधिर करणाऱ्या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारावे. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी 2.5 टक्के असलेले हे मलम जाड थरात लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवावी लागते आणि परिणाम यायला साधारण एक तास लागतो, म्हणजे दूरवरून येणाऱ्याने ते घरून निघतानाच लावलेले बरे. त्याने कातडीला होणारी टोच कमी होते. औषध स्नायूत शिरतानाचा ठणका मात्र राहतो, आणि रक्त काढायच्या जागी लावल्यास शीर थोडी आकसू शकते. नक्की कोणत्या जागी लावायचे, हे आधीच विचारून ठेवावे. जखमेवर ते लावू नये, आणि जी-6-पी-डी या तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता किंवा बधिर करणाऱ्या औषधाची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना न विचारता लावू नये. घरातली दुसऱ्या कोणाची झोपेची गोळी घेऊन जाणे, किंवा ‘धीर येण्यासाठी’ थोडी दारू पिऊन जाणे, या दोन्ही गोष्टी करू नयेत.

सोबतीला कोणाला न्यावे, हाही विचार करण्याचा विषय आहे. ज्याच्याशी तुम्ही क्रिकेटवर किंवा मुलांच्या शाळेवर सहज बोलू शकता असा माणूस न्यावा. व्हिडिओ काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणारा भाचा घरीच बरा.

चौथी पायरी: टेबलापाशी पोहोचल्यावर काय सांगावे

बहुतेक माणसे इथेच गप्प बसतात, आणि सर्वांत मोठी मदत इथेच मिळू शकते. रांग कितीही मोठी असली तरी दोन वाक्यांना वेळ असतो, आणि ती वाक्ये घरीच पाठ करून यावीत. ‘सिस्टर, मला सुई घेताना चक्कर येते, मागे एकदा पडलोय. झोपून दिलंत तर बरं होईल.’ किंवा ‘मला भीती वाटते, तुम्ही सुई दाखवू नका, फक्त करायच्या आधी सांगा.’ ‘मला जरा कसंतरी होतंय’ असे मोघम बोलू नये. त्यावर ‘काही होत नाही हो’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. काय होते आणि काय हवे, हे दोन्ही नेमके सांगितले की समोरच्याला कामाला लागता येते. दिवसाला शेकडो इंजेक्शने देणाऱ्या सिस्टरलाही पेशंट जमिनीवर पडण्यापेक्षा टेबलावर पडलेला अधिक सोयीचा असतो.

मागता येण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. सुई भरण्याचे काम नजरेआड व्हावे, ज्या हाताने तुम्ही लिहीत नाही त्या हाताला इंजेक्शन मिळावे, शीर सापडत नसेल तर बारीक ‘बटरफ्लाय’ सुई वापरून पाहावी, दोन लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी. ही शेवटची सूचना जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनात आहे, तसेच लस देताना, सुई रक्तवाहिनीत तर गेली नाही ना हे पाहायला, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढण्याची गरज नाही, हेही त्यात म्हटले आहे. परंतु इंजेक्शन कसे द्यावे याचे धडे पेशंटने सिस्टरला देऊ नयेत, त्याने दोघांचाही ताण वाढतो. गर्भवतीने शेवटच्या महिन्यांत आडवे पडायचे असेल तर पाठीवर न पडता डाव्या कुशीवर पडावे.

पाचवी पायरी: तो क्षण

पहिल्या गटाने ताठ बसावे, सावकाश श्वास सोडत राहावे. दुसऱ्या गटाने आडवे पडून, सुईचा हात सोडून बाकीचे अंग ताणायला आधीच सुरुवात करावी आणि सुई निघाल्यावरही एक-दोन फेऱ्या चालू ठेवाव्यात, कारण रक्तदाब नेमका सारे संपल्यावर घसरू शकतो.

पाहावे की पाहू नये, याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. काहींना न दिसणारी सुई अधिक छळते. त्यांनी खुशाल पाहावे. इतरांनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातली अक्षरे उलटी वाचावीत, शंभरातून सात-सात वजा करावेत, किंवा पश्चिम रेल्वेची स्थानके चर्चगेटपासून क्रमाने म्हणावीत. मी स्वतः मुंबई सेंट्रलच्या पुढे क्वचितच पोहोचतो, तेवढ्यात बोळा दाबायला सांगतात. सुई शिरण्याच्या क्षणी मुद्दाम एकदा हलके खोकल्यानेही टोच कमी जाणवते, असे काही छोट्या प्रयोगांत आढळले आहे. मात्र खोकण्याआधी सिस्टरला सांगावे आणि हात हलू देऊ नये. टोचायच्या जागेवर त्यापूर्वी दहा सेकंद बोटाने घट्ट दाबल्याचाही उपयोग होतो, कारण स्पर्शाचा आणि दाबाचा संदेश वेदनेच्या संदेशाची वाट काही प्रमाणात अडवतो. गुडघा आपटल्यावर आपण तो नकळत चोळतो, त्यामागेही हेच आहे. दाबल्यावर स्पिरिट लावून घ्यावे, आधी नव्हे.

नंतरची पंधरा मिनिटे

लगेच उठू नये. आडवे असाल तर आधी कुशीवर व्हावे, मग बसावे, दोन मिनिटांनी उभे राहावे. किमान पंधरा मिनिटे तिथेच बाकावर बसावे. कोविडच्या लसीकरणात प्रत्येकाला अर्धा तास बसवून ठेवत असत, ते आठवत असेलच. ज्याला पूर्वी चक्कर आलेली आहे त्याने अर्धा तासच धरावा आणि तेवढ्या वेळात बाईक चालवू नये, जिन्याने घाईघाईने उतरू नये, गर्दीच्या लोकलच्या दारात तर मुळीच उभे राहू नये.

डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तर खुर्चीचा मोह सोडून जमिनीवर आडवे व्हावे आणि पाय पिशवीवर किंवा स्टुलावर उंच ठेवावेत. शुद्ध गेलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, त्याला उठवून बसवू नये. साध्या भोवळीत आडवे झाल्यावर एक-दोन मिनिटांत शुद्ध येते. त्या वेळी हातापायांना दोन-चार झटके आले तरी सोबतच्यांनी घाबरू नये, पण सिस्टरला लगेच बोलावावे.

भोवळ आणि ॲलर्जी यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. भोवळीत माणूस पांढराफटक पडतो, गार लागतो, नाडी मंद असते आणि आडवे केल्यावर तो सुधारतो. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या, घशात आवळल्यासारखे झाले, छातीत सूं-सूं वाजू लागले, नाडी वेगाने धावत असली आणि आडवे होऊनही बरे वाटेना, तर ती गंभीर ॲलर्जी समजून त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारावी; तिथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते आणि उशीर परवडत नाही.

घरी गेल्यावर केसपेपरच्या मागे चार ओळी लिहून ठेवाव्यात: बसून घेतले की आडवे, कोणता हात, भीतीचे गुण आधी किती आणि नंतर किती, कशाचा उपयोग झाला. सहा महिन्यांनी आठवते ती फक्त भीती; कागदावर मात्र ‘आधी नऊ, नंतर दोन’ असे लिहिलेले सापडते.

एवढ्याने भागले नाही तर

सरावाच्या पहिल्याच पायरीवर महिना उलटला, गरजेची शस्त्रक्रिया किंवा तपासणी अडून राहिली, मूल हवे असूनही केवळ सुयांच्या धास्तीने तो विचार बाजूला पडला, तर मानसोपचारतज्ज्ञाची किंवा मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यावी. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करून आधी बोलताही येते. हा उपचार वर्षानुवर्षे चालणारा नसतो. वर सांगितलेल्या पायऱ्याच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली नीट आखून केल्या जातात, आणि अशा एकेका भीतीवर तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत काम करण्याची पद्धतही ओस्ट यांनीच विकसित केली.

तिथे गेल्यावर ‘मला सुईची भीती वाटते’ एवढेच सांगू नये, कारण ते ऐकून समोरच्याला तिचा आकार कळत नाही. ‘मला मधुमेह आहे आणि तीन वर्षांत मी एकदाही रक्त तपासलेलं नाही’, किंवा ‘गेल्या पावसाळ्यात पायात खिळा घुसला तेव्हाही मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नाही’, असे सांगावे, आणि दवाखान्यातून परत फिरलात त्या तारखा आठवत असतील तर त्याही लिहून न्याव्यात.